मोबाइलमधली जत्रा टीव्हीवरच्या डीव्हीडीत: व्हिडिओ डिस्कवर उतरवणे आणि त्यातला आवाज वेगळा काढणे

चाकरमानी जत्रेला येतो, रात्रभराचे दशावतारी नाटक मोबाइलमध्ये घेतो आणि दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी पकडतो. मागे राहिलेल्या घरात टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर असतो आणि तो चालवता येणारी वडीलधारी माणसे असतात. मोबाइलची फाइल कोऱ्या डिस्कवर टाकून दिली, तर प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणतो आणि ट्रे बाहेर काढतो. कारण सोपे आहे. डिस्कवर फाइल असणे ही एक गोष्ट आणि ती डिस्क डीव्हीडी-व्हिडिओ असणे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट कशी साधायची, त्याच चित्रणातून भजन, पद किंवा गाऱ्हाणे वेगळे काढून ऑडिओ सीडी किंवा पेन ड्राइव्हवर कसे घ्यायचे, हे इथे पायरीपायरीने दिले आहे.

एक नियम आधीच पक्का करा. मूळ फाइल हे बियाणे आहे. डीव्हीडी, सीडी, एमपी थ्री, काहीही काढायचे असेल तर प्रत्येक वेळी मूळ फाइलपासूनच काढा. डीव्हीडीतून एमपी थ्री, एमपी थ्रीतून ऑडिओ सीडी अशी साखळी लावली की प्रत्येक कडीला आवाज थोडा झिजतो. झांजेच्या आवाजावर ते सगळ्यात आधी कळते. ‘छन्न’ असा स्वच्छ नाद ‘छस्स’ असा चिरका होतो.

मूळ फाइल हातात कशी घ्यावी

व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून आलेली फाइल वापरू नका. पाठवताना ती दाबून लहान केलेली असते. मोबाइलला केबल लावून थेट संगणकावर उतरवा, नाहीतर पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. कॅमेऱ्याचे कार्ड असेल तर लांब चित्रणाचे ४ जीबीचे तुकडे पडलेले असू शकतात. ही मर्यादा कार्डावर फाइली ठेवण्याच्या फॅट ३२ या मांडणीची आहे, चित्रण खराब झालेले नाही. लॉसलेसकट या मोफत प्रोग्रॅममध्ये सगळे तुकडे क्रमाने टाकून ‘मर्ज’ केले की ते पुन्हा न दाबता जोडले जातात.

नंतर फाइलचे नाव बदला. ‘मोचेमाडची जत्रा रात्र २’ असे देवनागरी नाव आपल्याला छान वाटते, पण डीव्हीडी बनवणारे जुने प्रोग्रॅम देवनागरीवर आणि मोकळ्या जागांवर अडखळतात. भलताच एरर येतो आणि खरे कारण तासभर सापडत नाही. रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेखा एवढेच ठेवा. डिस्कच्या लेबललाही हेच लागू.

आता मीडियाइन्फो या छोट्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा आणि चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: लांबी किती मिनिटे, सेकंदाला किती चित्रे, ‘फ्रेम रेट मोड’ कॉन्स्टंट आहे की व्हेरिएबल, आणि आवाजाचा सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते. पुढची निम्मी भांडणे या चार ओळींतच मिटतात.

आधी गणित, मग काम

साध्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेले असते आणि संगणक ४.३७ दाखवतो. डिस्कवाल्याने फसवलेले नाही. तो १००० च्या पटीत मोजतो, संगणक १०२४ च्या. डिस्क तेवढीच आहे.

तिच्यात किती मिनिटे बसवायची, त्यावर चित्राचा दर्जा ठरतो. तोंडी हिशेबाला एक सूत्र पाठ करा: ६०० भागिले मिनिटे. उत्तर येते ते सेकंदाला किती मेगाबिट खर्च करता येतील ते, चित्र आणि आवाज मिळून. थोडी जागा फाइलींच्या व्यवस्थेला लागते, ती या ६०० मध्ये आधीच सोडलेली आहे.

दोन तासांचे नाटक: ६०० भागिले १२० म्हणजे ५. चांगले दिसेल. दीड तास: साधारण ६.७. उत्तम. तासभराचे भजन: १०, पण एवढे वापरायचे नसते. डीव्हीडीच्या नियमात चित्राची कमाल ९.८ मेगाबिट आणि सगळे मिळून १०.०८ आहे. घरगुती राइट केलेली डिस्क जुन्या प्लेअरमध्ये या टोकाला अडखळते. चित्राला ८ च्या वर जाऊ नका.

चार तासांचे नाटक एकाच डिस्कवर? ६०० भागिले २४० म्हणजे २.५. इथे नाही म्हणायला शिका. दशावतारात युद्धाचे प्रसंग, गिरक्या, चमचमणारे मुकुट आणि मागे हलणारा पडदा असतो. एवढ्या हालचालीला अडीच मेगाबिट अपुरे पडतात आणि राक्षसाच्या तोंडावर चौकोनी ठोकळे दिसू लागतात. दोन डिस्क करा. आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा गणपती-संकासुराचा भाग, आणि आख्यानाचा पूर्वार्ध पहिलीवर, उरलेले दुसरीवर. तोडायचे ते पद संपून झांज थांबते तिथे, संवादाच्या मध्ये नाही. दुहेरी थराची ८.५ जीबीची डिस्क मिळते, पण तिची किंमत, थर बदलताना होणारा क्षणभराचा अडथळा आणि जुन्या प्लेअरची नाराजी पाहता दोन साध्या डिस्क परवडतात.

पाल की एनटीएससी

भारतात टीव्हीची पद्धत पाल. म्हणजे ७२० बाय ५७६ चे चित्र, सेकंदाला २५. पण मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतो. ३० ची २५ करताना दर सहावे चित्र टाकून द्यावे लागते, आणि कॅमेरा सावकाश फिरवला असेल किंवा पालखी नाचत पुढे येत असेल तर ती ठेचकाळत चालल्यासारखी दिसते.

म्हणून मोबाइलच्या ३० च्या चित्रणाला एनटीएससी, म्हणजे ७२० बाय ४८० आणि सेकंदाला २९.९७, हा पर्याय चांगला. चित्राच्या ओळी थोड्या कमी होतात, पण चाल गुळगुळीत राहते. आपल्याकडचे बहुतेक डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती घेतात. तरीही गावच्या प्लेअरवर पाच मिनिटांची चाचणी डिस्क लावून बघा आणि मगच पुढे जा. मूळ चित्रण २५ किंवा ५० चे असेल, किंवा जुन्या मिनी डीव्ही कॅसेटवरचे असेल, तर मात्र पालच.

अजून चित्रण करायचे असेल तर कॅमेऱ्यात २५ किंवा ५० निवडा आणि शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची. रंगमंचावर ट्यूबलाइट असतील तर ३० च्या चित्रणात पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात, ते याने जातात. मोबाइल आडवा धरा. उभे चित्रण टीव्हीच्या मधोमध एका फळीएवढे उरते. आणि एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक ताणून टिपणारी सोय, बंद ठेवा. चालू राहिले तर डीव्हीडीत रंग धुऊन काढल्यासारखे फिके येतात.

व्हेरिएबल फ्रेम रेट: सुटणाऱ्या आवाजाचे खरे कारण

मोबाइल उजेडाप्रमाणे चित्रांचा वेग कमीजास्त करतो. अंधारात २४, उजेडात ३०, कधी मधलेच काही. मोबाइलवर हे कळत नाही, पण डीव्हीडीला ठराविक वेग लागतो. काही प्रोग्रॅम चित्रे नुसती मोजून घेतात, वेळ बघत नाहीत. मग सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळलेले असतात आणि दोन तासांनी सूत्रधार तोंड मिटून गातो.

उपाय हँडब्रेकमध्ये आहे. फाइल उघडा. व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट २५ किंवा २९.९७ निवडा, ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर खूण करा, दर्जाचा आकडा १६ ते १८ ठेवा. हा आकडा जितका लहान तितकी फाइल मोठी आणि स्वच्छ. ऑडिओच्या पानावर ‘पासथ्रू’ निवडा, म्हणजे आवाजाला हात लागत नाही. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, त्याच्याकडून फक्त वेग बांधून घ्यायचा. मीडियाइन्फोने आधीच ‘कॉन्स्टंट’ दाखवले असेल तर ही पायरी गाळा.

आवाज सुटला आहे का, हे बघायला झांज उत्तम. दोन हात जवळ येतात त्या चित्रावर आवाज यायला हवा. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटच्या दहा मिनिटांत, अशा तीन जागी बघा. तिन्ही जागी सारखाच फरक असेल तर आवाज नुसता मागेपुढे सरकलेला आहे. व्हीएलसीमध्ये जे आणि के या कळांनी ५०-५० मिलिसेकंदांनी सरकवून नेमका फरक मोजा आणि तो एमकेव्हीटूलनिक्समध्ये ‘डिले’ म्हणून भरा. फरक वाढत जात असेल तर दुखणे वेगाचे आहे, सरकवून काही होणार नाही. हँडब्रेकच्या पायरीकडे परत जा.

डीव्हीडीची मांडणी करणे

डीव्हीडी स्टायलर हा मोफत प्रोग्रॅम घरगुती कामाला पुरतो. इन्स्टॉल करताना सोबत आणखी काही टाकू का असे विचारले तर नकार द्या. हार्ड डिस्कवर १५ जीबी मोकळी हवी, कारण दाबलेला व्हिडिओ, त्याची डीव्हीडी मांडणी आणि शेवटी आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची एकाच फाइलीतली प्रतिमा) असे एकाच ऐवजाचे तीन संच काही काळ एकत्र राहतात.

नवा प्रोजेक्ट उघडताना विचारलेल्या गोष्टी अशा भरा. डिस्क लेबल रोमन अक्षरांत. क्षमता ४.७ जीबी. व्हिडिओ फॉरमॅट वर ठरवलेला, पाल किंवा एनटीएससी. आस्पेक्ट रेशो मोबाइलसाठी १६:९, जुन्या कॅसेटसाठी ४:३. इथे चूक झाली की नट लांबुडके किंवा बसके दिसतात, आणि ती चूक नंतर प्लेअरच्या रिमोटने धड सुधारत नाही. ऑडिओ एसी थ्री (डीव्हीडीत आवाज दाबण्याची पद्धत), ४८ किलोहर्ट्झ. बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारे मेगाबिट, ‘ऑटो’ ठेवला तरी चालतो, पण सूत्राचे उत्तर हाताने भरलेले अधिक खात्रीचे. सूत्राच्या उत्तरातून आवाजाचे वजा करायला विसरू नका. संवादप्रधान नाटकाला ०.१९२ मेगाबिट पुरे, भजनाला ०.२५६ द्या. म्हणजे दोन तासांच्या नाटकाला चित्रासाठी ४.८.

भजनाच्या डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या जुगलबंदीची, तासाभराची डिस्क असेल तर आणखी एक चांगला मार्ग आहे. बुवा बसून गातात, कॅमेरा फारसा हलत नाही, चित्राला ६ मेगाबिट भरपूर होतात. उरलेल्या जागेत आवाज न दाबता एलपीसीएम म्हणून ठेवा. त्याला १.५ मेगाबिट लागतात. पखवाजाची थाप आणि पेटीचा सूर जसाच्या तसा उतरतो.

मेनू शक्यतो नको. वयस्कर माणसाला डिस्क घातली की नाटक सुरू व्हायला हवे, रिमोटवर बाण शोधत बसणे नको. ‘नो टेम्प्लेट’ निवडा आणि व्हिडिओ थेट खालच्या पट्टीत ओढा. पण चॅप्टर जरूर टाका. फाइलवर उजवी कळ दाबून गुणधर्मांत जा आणि चॅप्टरच्या ओळीत वेळा लिहा: गणपती आणि रिद्धीसिद्धी, संकासुर, आख्यानाची सुरुवात, मुख्य युद्ध, शेवट. सरळ दर पाच मिनिटांना चॅप्टर टाकण्यापेक्षा हे दहापट उपयोगी. रिमोटचे ‘नेक्स्ट’ एकदा दाबले की संकासुर येतो.

मिनी डीव्ही कॅसेटवरून उतरवलेले लग्न किंवा मुंज असेल तर एक जास्तीची काळजी घ्या. ते चित्र आडव्या ओळींच्या दोन गटांनी बनलेले असते आणि डीव्ही पद्धतीत खालचा गट आधी येतो. प्रोग्रॅमने वरचा आधी धरला तर हलणारी प्रत्येक वस्तू थरथरते, स्थिर वस्तू मात्र ठीक दिसते. अशी थरथर दिसली की गुणधर्मांत फील्डचा क्रम ‘बॉटम फर्स्ट’ करा. ओळी एकत्र करणारे ‘डीइंटरलेस’ लावू नका, डीव्हीडीला ओळींचे गट चालतात.

सगळे भरून झाले की ‘बर्न’ दाबा, पण लगेच डिस्कवर नाही. ‘क्रिएट आयएसओ इमेज’ निवडा. साध्या संगणकावर दोन तासांच्या व्हिडिओला तास-दोन तास लागू शकतात. तयार झालेली आयएसओ फाइल व्हीएलसीमध्ये उघडा आणि तीच तीन ठिकाणची झांज पुन्हा बघा. कोरी डिस्क वाया घालवण्याआधी चुका सापडाव्यात, यासाठी हा थांबा.

डिस्क राइट करणे

जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी वजा आर (DVD-R) घ्या, अधिक आरपेक्षा (DVD+R) तिच्याशी त्यांचे बरे जुळते. पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू कोणाला द्यायला नको. ती प्रकाश कमी परावर्तित करते आणि झिजलेल्या लेन्सला दिसत नाही. चाचणीसाठी मात्र तीच ठेवा.

इमगबर्न उघडा, ‘राइट इमेज फाइल टू डिस्क’ घ्या, आयएसओ दाखवा. वेग १६ एक्सच्या डिस्कवर ४ किंवा ८. १६ वर कडेची पट्टी कच्ची लिहिली जाते आणि नाटक शेवटच्या अर्ध्या तासात अडकू लागते. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून दुखणे नेहमी शेवटाकडे दिसते. ‘व्हेरिफाय’वर खूण असू द्या. ४ एक्सला साधारण १४ मिनिटे लागतात, तपासणीची वेळ वेगळी. तेवढा वेळ वीज टिकायला हवी. मधेच वीज गेली की ती डिस्क गेलीच, बफर वाचवणाऱ्या सोयीचा इथे उपयोग नाही. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून घ्या, नाहीतर संगणक यूपीएसवर ठेवा. गडगडाट सुरू असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

विंडोजमध्ये फाइल ओढून डिस्कवर टाकण्याचा सोपा रस्ता इथे चालत नाही. त्याने ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे फोल्डर दिसायला बरोबर येते, पण प्लेअरला हवी ती यूडीएफ १.०२ ची मांडणी येईलच असे नाही.

नाव डिस्कवर मऊ टोकाच्या मार्कर पेनने, मधल्या पारदर्शक वर्तुळाजवळ लिहा. बॉलपेन टोचते आणि वरच्या थराला इजा करते. कागदी स्टिकर लावू नका. पावसाळ्यात एका बाजूने सुटते, डिस्क फिरताना तोल जातो आणि प्लेअर खरखरतो.

आवाज वेगळा काढणे

इथे बहुतेक लोक थेट ‘एमपी थ्री’ निवडतात आणि तिथेच नुकसान करून घेतात. मोबाइलच्या फाइलीत आवाज बहुधा एएसी पद्धतीने आधीच दाबलेला असतो. त्याचा एमपी थ्री केला म्हणजे दाबलेले पुन्हा दाबले. नुसता सांभाळून ठेवायचा असेल तर बदलूच नका. लॉसलेसकटमध्ये फाइल उघडा, ट्रॅकच्या यादीत व्हिडिओचा ट्रॅक बंद करा, एक्सपोर्ट करा. दोन तासांच्या फाइलीला मिनिटभरही लागत नाही, कारण काही नव्याने होतच नाही, आवाजाची नळी फक्त बाजूला काढली जाते. फाइलच्या नावाची शेवटची अक्षरे एमपी फोर आली तर एम फोर ए करा. हीच तुमची आवाजाची मूळ प्रत.

आवाज जुन्या डीव्हीडीत अडकला असेल तर व्हीओबी फाइली (डीव्हीडीतल्या चित्र-आवाजाच्या फाइली) एकेक उघडून आवाज काढू नका. डीव्हीडी एकसलग चित्रण १ जीबीच्या तुकड्यांत ठेवते आणि तुकड्याच्या सांध्यावर आवाज तुटतो, पदाच्या ऐन मध्ये. मेकएमकेव्हीने पूर्ण टायटल एका एमकेव्ही फाइलीत घ्या, मग वरचीच कृती. जुन्या व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल व्हीएलसीला थेट वाजवता येते आणि ‘कन्व्हर्ट / सेव्ह’मधून तिचा आवाज काढता येतो. नाटक मंडळाने किंवा बुवांनी विकायला काढलेल्या डिस्कच्या प्रती मात्र करू नका. त्यांच्या खेळाचे चित्रण वाटायचे असले तरी आधी त्यांना विचारा.

सफाई ऑडॅसिटीमध्ये होते. एम फोर ए उघडायला त्याला एफएफएमपेगची जोड लागते, ती एकदाच बसवा. सफाईचा क्रम पाळा.

पहिले, गुणगुण. लाउडस्पीकर किंवा जनरेटरच्या तारांतून येणारी घुमघुम ५० हर्ट्झची असते आणि तिच्या पटीत, १०० आणि १५० वरही. ‘नॉच फिल्टर’ या तीन जागी लावा. दुसरे, वारा. किनाऱ्यावरच्या मांडवात माइकवर आदळणारा वारा ‘हाय-पास’ने कमी होतो, पण आकडा ६० ते ८० च्या वर नेऊ नका. पखवाजाच्या धुम्याचा भरदार आवाज त्याच भागात राहतो, १५० वर कापलात तर पखवाज डब्यासारखा वाजेल. तिसरे, खरखर. कोणी बोलत-गात नाही अशी दोन सेकंदांची जागा निवडा, ‘नॉइज रिडक्शन’ला तिचा नमुना द्या आणि ६ ते १० डेसिबल एवढेच कमी करा. २० केले की गाणारा पाण्याखालून गातोय असे वाटते. शेवटी ‘नॉर्मलाइझ’ उणे १ डेसिबलवर. हे आधी केलेत तर पुढच्या पायऱ्या पातळी पुन्हा हलवतात.

माइकजवळ स्पीकर असल्याने आवाज फाटला असेल, लाटेची टोके सपाट कापलेली दिसत असतील, तर ‘क्लिप फिक्स’ थोडी मदत करतो. गेलेला आवाज परत येत नाही. पुढच्या वेळी मोबाइल स्पीकरच्या तोंडापासून दूर, गायकांच्या बाजूला ठेवा.

ऑडिओ सीडी

ऑडिओ सीडीत ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ आवाज लागतो, न दाबलेला. ८० मिनिटे बसतात, जास्तीत जास्त ९९ ट्रॅक. व्हिडिओतला आवाज मात्र ४८ किलोहर्ट्झचा असतो. ऑडॅसिटीत प्रोजेक्टचा रेट ४४१०० करून वेव्ह फाइल एक्सपोर्ट केली की तो नीट बदलतो.

ट्रॅकचा ‘रेट’ नुसता हाताने ४४१०० लिहिला, तर आवाज बदलत नाही, फक्त हळू वाजतो. तासाभराचे भजन ६५ मिनिटांचे होते आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वराने उतरते. काळी पाचमध्ये गाणारे बुवा काळी चार आणि पांढरी सहाच्या मध्ये कुठेतरी ऐकू येतात. पेटीवर बोट ठेवून बघितले तर कोणत्याच पट्टीशी जुळत नाही. असे झाले की कारण हेच समजा.

भजन सलग चालते, रूपाच्या अभंगातून गौळण सुरू होते. ट्रॅक पाडायला जागेवर क्लिक करून कंट्रोल आणि बी दाबा आणि लेबल लिहा. त्याआधी खालच्या पट्टीत ‘स्नॅप’ सीडीच्या फ्रेमवर, म्हणजे सेकंदाच्या ७५ व्या भागावर ठेवा. सीडी याहून लहान तुकडा ओळखत नाही. मधेच कापले तर उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि प्रत्येक सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो. मग लेबलांप्रमाणे एक्सपोर्ट करा. सीडीबर्नरएक्सपीमध्ये ऑडिओ डिस्क निवडा, ‘डिस्क ॲट वन्स’ घ्या आणि ट्रॅकमधली दोन सेकंदांची फट शून्य करा.

गाडीतल्या प्लेअरसाठी किंवा मंदिरातल्या स्पीकरसाठी पेन ड्राइव्ह सोपा. एमपी थ्री १९२ किलोबिट किंवा जास्त, ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला, फाइलींची नावे रोमन आणि पुढे ०१, ०२ असे आकडे. पुष्कळ स्वस्त प्लेअर नाव बघत नाहीत, ज्या क्रमाने फाइली टाकल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून सगळ्या एकदम न ओढता एकेक करून टाका, नाहीतर आरती आधी वाजते आणि गजर नंतर.

आगोटीच्या आधी

आगोटी म्हणजे पावसाळ्याची सुरुवात. किनाऱ्यावरच्या हवेत डिस्कला दोन शत्रू: दमटपणा आणि खार. कोऱ्या डिस्कचा उघडा डबा पावसाळ्यात ठेवू नका, लागतील तेवढ्याच आणा. राइट केलेल्या डिस्क उभ्या, कडक डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून, भिंतीपासून दूर ठेवा. पुड्या दमल्या की उन्हात किंवा तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापरता येतात. डिस्कवर पांढुरके डाग दिसले तर बुरशी समजा. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा एकाच जागची माहिती सलग खातो, आडवा ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो.

डिस्क एकच ठेवू नका. आयएसओ आणि मूळ फाइल हार्ड डिस्कवर, दुसरी प्रत मुंबईच्या घरी. वर्षातून दोनदा, आगोटीच्या आधी आणि गणपतीच्या नंतर, डिस्क प्लेअरमध्ये घालून थेट शेवटच्या चॅप्टरवर जा. शेवटची दहा मिनिटे अडखळायला लागली की त्याच आठवड्यात आयएसओवरून नवी डिस्क राइट करा.